कानाचं मशीन डब्यात का राहतं?

आज पेरणी-फवारणी बाजूला ठेवून वेगळ्याच यंत्राविषयी बोलू. गावोगाव फिरताना कमी ऐकू येणारी मुले भेटतात. एडिप योजनेतून मशीन मिळालेले असते, पण ते असते डब्यात. "घालतच नाही हो, काढून फेकतो," असे आई सांगते.

पोराची बाजू बघा. फवारणीचा पंप नवा आणला की आपण खोलून बघतो, नोझल कुठे, वॉशर कुठे. मुलाच्या कानावर मात्र मशीन चढवतो नि म्हणतो, "काढू नको." ते काय आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही.

मशीनला बारका माईक असतो. आवाज आत मोठा होऊन नळीतून कानाच्या मापाच्या साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये जातो. चश्म्याने डोळा बरा होत नाही, तसा याने कान बरा होत नाही. शिवाय बोलण्याबरोबर भांडी, पंखा, ट्रॅक्टर हेही मोठे ऐकू येते. मूल वैतागणारच. सुरुवात शांत खोलीत करावी आणि लवकरात लवकर झोप-आंघोळ सोडून दिवसभर घालण्याची सवय लावावी.

समजावण्याचे काम खेळातून होते. पहिला खेळ मुठीतल्या शिट्टीचा. मशीन चालू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर सेल जिवंत. हे मुलालाच रोज सकाळी करू द्या, शिट्टी ऐकू आली नाही तरी आपण मान डोलावून सांगावे. तीच शिट्टी कानात घातल्यावर वाजू लागली तर बहुधा मोल्ड नीट बसलेला नाही, नाहीतर कान वाढून तो लहान झाला आहे. चपला लहान होतात तसेच हे. मोल्ड नवा करून घ्यावा, मशीनला दोष देऊ नये.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा, आणि माझ्या मते सर्वांत कामाचा. कॅनडात काम केलेल्या डॅनियल लिंग यांनी सहा आवाजांची चाचणी रूढ केली: म, ऊ, आ, ई, श, स. यात जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सगळे येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर बसून साध्या आवाजात एकेक म्हणावा. ऐकू आला की मुलाने वाटीत चिंचोका टाकायचा. मध्येच गप्प बसावे, नाहीतर पोरं हुशार असतात, ठेका धरून टाकतात! दोन मशीन असतील तर एकेक कान वेगळा तपासावा. मूल अगदी लहान असेल तर चिंचोके नकोत, तोंडात-नाकात जातात. मक्याची कणसे टोपलीत टाकू द्यावीत. निकाल वहीत लिहावा. काल 'स' ऐकला नि आज नाही, तर सेल बदलावा, मोल्डमधला मळ आणि नळीतले पाणी बघावे. तरीही फरक नसेल तर कान तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे.

चिंधीच्या बाहुलीलाही मातीचे मशीन करून द्या. बाहुली ऐकत नाही, काय बिघडले? मूल आपोआप सांगू लागते.

सेल मात्र खेळणे नव्हे. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी काढू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. जुने सेलही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. बरेचसे सेल हवेवर चालतात. चिकटपट्टी काढली की वापरा किंवा न वापरा, ते उतरू लागतात. म्हणून पट्टी आधी काढून ठेवू नये.

मूल हाकेला वळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतही तपासणी होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे.

पावसाळ्यात घाम नि दमट हवा मशीनचा शत्रू. बियाणे कोरडे ठेवतो तसेच रात्री सेलचे झाकण उघडून मशीन सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. सकाळी डबा मोठ्यांनी उघडावा, पुडी पोरांच्या हाती देऊ नये.