कमी दाबावर चालणारा विस्तृतपट्टा मिश्रक

रेडिओ-ग्राहीच्या अंतरंगात मिश्रक नावाचे एक लहानसे मंडल असते. आकाशातून येणाऱ्या लहरीची कंप्रता बदलून तिला सोयीच्या कंप्रतेवर आणणे, हे त्याचे कार्य. 1918 साली एडविन आर्मस्ट्राँग यांनी सुपरहेटेरोडाइन ग्राहीची रचना सिद्ध केली, तिचा हाच गाभा होता. अशा रेडिओवर 1000 किलोहर्ट्झचे केंद्र लावले की आतला दोलक 1455 किलोहर्ट्झवर चालू लागतो आणि दोहोंच्या वजाबाकीची 455 किलोहर्ट्झची लहर पुढे जाते. ‘मिश्रण’ असे आपण म्हणतो. वस्तुतः हा गुणाकार आहे. नुसत्या बेरजेतून नवी कंप्रता निर्माण होत नाही.

हा गुणाकार करणारे एक प्रसिद्ध मंडल बॅरी गिल्बर्ट यांनी 1968 साली विशद केले. त्याची रचना तीनमजली घरासारखी आहे. तळाशी स्थिर प्रवाह पुरविणारा ट्रान्झिस्टर, त्यावर येणाऱ्या लहरीचे प्रवाहात रूपांतर करणारी जोडी, आणि सर्वांत वर दोलकाच्या तालावर त्या प्रवाहाची दिशा पालटणारी चौकडी. छपराच्या जागी भाररोधक.

अडचण येते ती दाबाची. प्रत्येक मजल्याला 0.2 व्होल्ट लागतात असे धरू. चौकडीच्या पायापर्यंतच 0.4 व्होल्ट खर्ची पडतात. तिचे ट्रान्झिस्टर उघडण्यासाठी उंबरठ्याचे 0.4 आणि वर आणखी 0.2 व्होल्ट हवेत. म्हणजे त्यांच्या द्वाराशी 1 व्होल्ट असावा लागतो. दोलकाचे हेलकावे त्याहून निराळे. पुरवठाच 1 व्होल्टचा असेल तर हे घर उभे कसे राहणार? उंबरठा वाटेल तितका खाली आणावा, तर बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह गळू लागतो.

यावर उपाय आहेत. प्रत्येकाला किंमत आहे. तळमजला काढून टाकला तर दाब वाचतो, पण दोन्ही बाजूंवर सारखाच येणारा उपद्रव रोखण्याची शक्ती उणावते. मजले एकावर एक न रचता शेजारी मांडले तर प्रवाह अधिक लागतो. रोधकाऐवजी वेटोळे व धारित्र यांची अनुस्पंदी जोडी वापरली तर तिच्यावर स्थिर दाब जवळजवळ खर्च होत नाही. परंतु ती एका अरुंद पट्ट्यापुरतीच उपयोगी, विस्तृत पट्ट्याला निरुपयोगी.

म्हणून आधुनिक रचनाकार पुष्कळदा निष्क्रिय मिश्रकाकडे वळतात. त्यात ट्रान्झिस्टर केवळ खटक्याचे काम करतात. त्यांतून स्थिर प्रवाह वाहत नसल्याने मंद कंप्रतेचा गोंगाट फार घटतो, आणि ट्रान्झिस्टर जितके लहान तितके खटके चपळ. मात्र असा मिश्रक लहरीला बळ देत नाही. आदर्श खटक्यांच्या जोडणीतही 2/π, म्हणजे सुमारे 64 टक्के अंशच पुढे जातो. शिवाय खटके झपाट्याने हलविण्यास दोलकाकडून शक्ती घ्यावी लागते.

विस्तृत पट्ट्यात आणखी एक संकट दबा धरून असते. खटक्याची लहर चौकोनी असते आणि तिच्यात तिप्पट कंप्रतेचा अंश एक-तृतीयांश बळाने वसतो. दोलक 300 मेगॅहर्ट्झवर असता 900 मेगॅहर्ट्झचे परके केंद्रही त्याच जागी येऊन बसते. त्यावर उपाय म्हणजे 45 अंशांच्या अंतराने चालणारे तीन मिश्रक 1 : √2 : 1 या प्रमाणात जोडणे. मग तिसरा व पाचवा अंश परस्परांना छेदतात. पण ही छेदणी त्या प्रमाणाच्या अचूकतेइतकीच चोख असते.

तात्पर्य, दाब, गोंगाट, शक्ती आणि पट्टा या चौघांपैकी एकाला झुकते माप दिले की दुसऱ्याचे घटते. कोणाचे किती घटू द्यायचे, हे जाणून ठरविणे म्हणजेच मंडलाची रचना करणे होय.