ह्यूमांचं घर, नगरची सेमिनरी

आमच्या मासवण गावात मिशनचा बंगला नाही. पण पालघर, वाडा, डहाणू या पट्ट्यात जुनी माणसं रस्ता सांगताना अजूनही मिशनच्या शाळेची, मिशनच्या दवाखान्याची खूण देतात. हे काम अमेरिकेतल्या चर्च ऑफ द ब्रदरेनचं. विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन असे तिघे १८९४ साली मुंबईत उतरले, वलसाडला स्थिरावले आणि तिथून त्यांचं काम दक्षिणेला मराठी मुलखात सरकलं. नाताळ अंकासाठी मिशनरी घराण्यांवर लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला साहेबांपेक्षा दुसऱ्याच माणसांचं कुतूहल वाटू लागलं. पाड्यावर उपासना घेणारे, चौथीपर्यंतची शाळा चालवणारे, आजाऱ्याला गाडीत घालून दवाखान्यात नेणारे तरुण इथलेच होते. त्यांना कुणी घडवलं? कशाच्या जोरावर ते एकटे उभे राहिले? त्याचा शोध घेत मी नगरला पोचले. कारण एकाच घराने तीन पिढ्या हेच काम केल्याचं तिथे दिसतं.

छापील इतिहास भराभर सांगता येतो. नगरचं मिशन ब्रदरेनचं नव्हे, अमेरिकन मराठी मिशनचं. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला आले. १८३१ मध्ये नगरचं ठाणं सुरू झालं. १८४२ मध्ये तिथेच ‘ज्ञानोदय’ निघालं. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि त्यांनी १८४८ मध्ये स्वतःची शाळा काढली. एवढ्या एका गोष्टीसाठीही नगरच्या मिशनचं ऋण मानायला हवं.

ह्यूम घराणं या कथेत १८३९ मध्ये येतं. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि हॅना मुंबईत राहिले, इथेच त्यांना मुलं झाली. प्रकृती ढासळली म्हणून १८५४ मध्ये ते मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच रॉबर्ट विल्सन गेले. भायखळ्याला जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट अ‍ॅलन तेव्हा सात वर्षांचा होता. विधवा आईने मुलांना अमेरिकेत वाढवलं. मुलगा येलमध्ये शिकला आणि १८७४ मध्ये नगरला आला, तो पन्नासेक वर्षं तिथलाच झाला. त्याची पत्नी अ‍ॅबी ही एबेनेझर बर्जेस यांची मुलगी. बर्जेस याच मिशनचे, ‘सूर्यसिद्धान्त’ इंग्रजीत आणणारे. अ‍ॅबी १८८१ मध्ये लहान मुलं मागे ठेवून वारली. पुढे ह्यूमांनी केटी फेअरबँकशी लग्न केलं. तिचे वडील वडाळा बहिरोबाचे सॅम्युएल फेअरबँक. धर्मोपदेशासोबत त्यांनी पक्ष्यांचा आणि शंखशिंपल्यांचा इतका बारीक अभ्यास केला की दक्षिणेतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचं नाव आहे. मिशनच्या घरांत सोयरिका अशाच होत. मुलगी एका ठाण्यावर वाढे, दुसऱ्या ठाण्यावर नांदे, आणि तिचं मराठी बहुधा तिच्या नवऱ्यापेक्षा चांगलं असे.

१८७८ मध्ये रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूमांनी नगरला थिऑलॉजिकल सेमिनरी सुरू केली. विद्यार्थी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतले, पुष्कळसे महार समाजातले. गावात ज्यांना शाळेत बसू देत नव्हते त्यांना इथे धर्मशास्त्र शिकून पाळक व्हायचं होतं, चारचौघांसमोर उभं राहून बोलायचं होतं. आणि बोलायचं होतं मराठीत, गावाला कळेल असं.

पण ह्यूमांच्या चरित्रात मी जिथे थबकले ती गोष्ट नगरला घडलीच नाही. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत होते. तिथल्या अँडोव्हर सेमिनरीत तेव्हा मोठा वाद पेटला होता. ख्रिस्ताचं नावही न ऐकता जे मेले त्यांचं काय? जुन्या मताप्रमाणे ते कायमचे गेले. अँडोव्हरच्या काही शिक्षकांना आशा होती की देव त्यांना मरणानंतरही संधी देत असेल. ह्यूमांनी भरसभेत या आशेची बाजू घेतली आणि मिशन बोर्डाने त्यांचं भारतात परतणं अडवून धरलं. बारा वर्षं राबलेल्या माणसाला तू परत जायला लायक आहेस का, असं विचारलं गेलं. अखेर १८८७ मध्ये त्यांना जाऊ दिलं.

हा वाद नगरच्या वर्गात बसलेल्या पोराच्या जागी बसून पाहावा. त्याचा बाप, आजा, पणजा वेशीबाहेर राबून मेले, येशूचं नाव त्यांच्या कानावर कधी पडलं नाही. ते सगळे नरकात आहेत, असं या पोराने गावी जाऊन आपल्या म्हाताऱ्या आजीला सांगायचं? असं सांगायला लावणारं शिक्षण देणं ह्यूमांना जमलं नाही. त्यासाठी त्यांनी नोकरी पणाला लावली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. पुढे छप्पनच्या (१८९९-१९००) दुष्काळातल्या मदतकार्यासाठी सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. पण माझ्या लेखी १८८६ चं ते पाऊल त्या पदकाहून मोठं.

घरातली पुढची पिढीही कामाला लागली. मुलगी रूथ डॉक्टर होऊन १९०३ मध्ये नगरला परतली आणि बायकांच्या दवाखान्यात तिने आयुष्य घातलं. नगरला जन्मलेला पुतण्या एडवर्ड चीनमध्ये चांगशाला गेला आणि त्याने तिथे रुग्णालय उभारलं.

सेमिनरीच्या शिक्षकांत एक नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो गोऱ्या साहेबाच्या नव्हे, तर रेव्हरंड तुकाराम नथुजींच्या हातून. मग ते नगरला येऊन शिकवू लागले. त्या काळातलं नगर, मिशनची माणसं आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवली आहे, त्यात मी भर काय घालणार! मला बोलायचं आहे ते टिळकांच्या १९१७ च्या निर्णयाबद्दल. त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. पण त्यांच्या प्रेरणेतून जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ उभा केला आणि तरुण भारतीय व इंग्रज तिथे एका पंगतीला बसू लागले.

टिळकांनी बोट ठेवलं होतं ते दुखणं पगाराचं होतं आणि ते पुढेही बरं झालं नाही. ह्यूमांनी कितीही मोकळ्या मनाने शिकवलं, तरी शिकून बाहेर पडलेला तरुण मिशनचा नोकर होई. त्याची बदली साहेब करी, घर मिशनचं, मुलांची फी मिशनची. ज्याचं मीठ खायचं त्याला नाही कसं म्हणायचं? टिळकांपाशी कवीची कीर्ती होती. नेवाशाकडच्या एखाद्या महार पाळकाने पगार सोडला असता तर तो पुन्हा गावकीच्या तडाख्यात सापडला असता. म्हणून पगार न सोडणाऱ्यांना लाचार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

स्वातंत्र्यानंतर साहेब कमी होत गेले. मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नागपूरला नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि परदेशी मिशनऱ्यांकडे संशयाने पाहणं वाढलं. १९७० मध्ये नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि ब्रदरेनही त्यात सामील झाले. मग पुढचा प्रश्न आला: जमिनी, बंगले, शाळा कुणाच्या? आमच्या शेजारच्या गुजरातेतल्या ब्रदरेनचा हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विश्वस्त कायद्याची रीत न पाळता नुसत्या ठरावाने विलीनीकरण होत नाही, असा निकाल २०१३ मध्ये लागला. एवढी वर्षं वकिलांवर गेलेला पैसा तरुण घडवण्यावर खर्च झाला असता, हा विचार मला सोडत नाही.

आता मासवणकडे. सूर्या नदीच्या दोन्ही अंगांच्या पाड्यांवर रविवारी उपासना घेणारी पोरं मी पाहते. त्यांतल्या एकाशी बराच वेळ बोलले. आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात पाळी, रविवारी पाड्यावर. शिक्षण म्हणाल तर कुठल्याशा शहरात काही आठवड्यांचा वर्ग, पुस्तकं इंग्रजीवरून केलेली. मिशनचा पगार नाही, म्हणजे टिळकांना हवी होती ती मोकळीक याच्याकडे आहे. पण ज्याच्यासमोर अडलेला प्रश्न मांडावा असा शिक्षक याच्याकडे नाही. पाड्यावरची एक म्हातारी त्याला विचारते, माझा नवरा तुमचा देव ऐकायच्या आधीच मेला, तो कुठे असेल रे? पोरगा तिला पाठ केलेलं उत्तर देतो. ते देताना आपल्यालाच वाईट वाटतं, असं त्याने मला सांगितलं. मी त्याला ह्यूमांची १८८६ ची गोष्ट सांगितली. ती त्याला कुणीच सांगितली नव्हती. हे मराठीत कुठे वाचायला मिळेल, असं त्याने विचारलं.