होडीची बॅटरी कोणती घ्यावी?

मंडळी, वांद्र्याला चिंबईच्या किनाऱ्यावर गेलात, तर कोळीबांधवांच्या होड्या दिसतील. बटनाने इंजिन सुरू होणारी होडी असली, की बॅटरीला कामे दोन, आणि ती अगदी उलटसुलट.

इंजिन सुरू करायला वीज क्षणभरच लागते, पण लोंढ्याने. म्हणून मोटारीच्या बॅटरीत शिशाचे पत्रे पातळ नि पुष्कळ असतात. दिवा आणि वायरलेस यांना वीज थोडी, पण रात्रभर हवी. त्याला जाड पत्र्यांची बॅटरी लागते. मोटारीची स्वस्त पडते म्हणून तिच्यावरच रात्रभर दिवे जाळाल, तर ती लवकर मरते. आणि पहाटे भर समुद्रात इंजिन काही उठत नाही! जमेल तर दोन बॅटऱ्या ठेवा, वेगळ्या जोडलेल्या.

केवढी घ्यावी? हिशेब सोपा आहे. गुरुजींनी फळ्यावर घालावा. 12 व्होल्टवर 24 वॅटचे दिवे 2 अँपिअर ओढतात. 10 तासांत 20 अँपिअर-तास झाले. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये, तेव्हा 40 ची हवी. मी तर म्हणेन 60 ची घ्या. परतायला उशीर हा होतोच.

लिथियमची बॅटरी हलकी नि टिकाऊ, पण महाग. तिला चार्जरही तिच्याच जातीचा लागतो.

शिशाच्या बॅटरीतल्या आम्लात खारे पाणी शिरले, तर विषारी क्लोरीन वायू सुटू शकतो. ती उंच, हवेशीर जागी घट्ट बांधा. पावसाळ्यात होडी वर ओढलीत, की बॅटरी घरी न्या आणि महिन्याकाठी एकदा चार्ज करा. नाहीतर पत्र्यांवर पांढरा थर धरतो, मग ती वीज घेईनाशी होते.