विश्लेषण : बिअरचे पाश्चरायझेशन छोट्या ब्रुअरींना परवडते का?

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि महाराष्ट्राला मायक्रोब्रुअरीची ओळख झाली. जिथे बिअर बनवायची तिथेच ती विकायची, हे या व्यवसायाचे मूळ गणित. करोनाकाळात राज्यात ग्राउलरमधून बिअर घरी नेण्याची मुभा मिळाली आणि छोट्या उत्पादकांना कॅन, बाटल्या व दुकानांची स्वप्ने पडू लागली. मात्र टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर आणि मे महिन्याच्या उन्हात टेम्पोतून दुकानात जाणारी बिअर यांच्या गरजा वेगळ्या असतात. त्यातूनच प्रश्न उभा राहतो : मोठ्या कारखान्यांप्रमाणे छोट्यांनीही पाश्चरायझेशन करावे का?

पाश्चरायझेशन म्हणजे नेमके काय?

पाश्चरायझेशन म्हटले की आपल्याला दुधाची पिशवी आठवते. पण फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी हे तंत्र आधी वाइनसाठी विकसित केले. पुढे त्यांनी बिअर का बिघडते याचा अभ्यास केला आणि १८७६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पेय न उकळता, ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवून त्यातील सूक्ष्मजीव निष्प्रभ करणे, हे त्याचे सार. बिअर उद्योगात ही उष्णता मोजण्याचे एकक आहे ‘पाश्चरायझेशन युनिट’, म्हणजेच ‘पीयू’. ६० अंश सेल्सिअसला एक मिनिट म्हणजे एक पीयू. तापमान सुमारे सात अंशांनी वाढले की परिणाम दहापट होतो. नेहमीच्या बिअरला साधारण १५ ते २५ पीयू पुरतात.

न तापवलेली बिअर पिणे धोकादायक असते का?

नाही. दूध आणि बिअर यांच्यातला महत्त्वाचा फरक हाच. अल्कोहोल, आम्लता, हॉप्समधील कडवट घटक, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचा अभाव यांमुळे माणसाला आजारी पाडणारे जिवाणू नेहमीच्या बिअरमध्ये वाढू शकत नाहीत. त्यामुळे इथे पाश्चरायझेशनचा हेतू पिणाऱ्याची सुरक्षा हा नसून बिअरची चव टिकवणे हा आहे. याला मोठा अपवाद आहे तो बिनअल्कोहोल किंवा अत्यल्प अल्कोहोल असलेल्या बिअरचा. तिथे संरक्षणाची मुख्य भिंतच पडलेली असते. त्यामुळे अशी बिअर पॅक करून विकणाऱ्याने पाश्चरायझेशन टाळणे म्हणजे ग्राहकाच्या आरोग्याशी खेळ.

मग बिअर बिघडते कशामुळे?

लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस या गटांतील काही जिवाणू हॉप्सला दाद देत नाहीत. त्यांच्यामुळे बिअर आंबट होते, गढूळ होते किंवा तिला लोण्यासारखा वास येतो. दुसरा शत्रू म्हणजे ‘डायस्टॅटिकस’ हा यीस्टचा प्रकार. नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्करांचेही तो विघटन करतो. बिअर कॅनबंद झाल्यावरही आंबणे सुरूच राहते, वायू साचतो आणि कॅन फुगतात, प्रसंगी फुटतात. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या ‘लेफ्ट हँड ब्रुइंग’ या क्राफ्ट ब्रुअरीला या यीस्टच्या संसर्गामुळे बाजारातून माल परत मागवावा लागला. २०१७ मध्ये हे प्रकरण न्यायालयातही गेले. आंबा किंवा अन्य फळांचा गर नंतर घातलेल्या बिअरमध्येही हाच धोका असतो, कारण उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागते.

पाश्चरायझेशनच्या पद्धती कोणत्या?

मुख्य पद्धती दोन. ‘टनेल’ पद्धतीत सीलबंद बाटल्या किंवा कॅन गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून हळूहळू पुढे सरकतात. बिअर साधारण ६० अंशांना पंधरा-वीस मिनिटे राहते, मग थंड केली जाते. ‘फ्लॅश’ पद्धतीत बिअर भरण्यापूर्वीच पातळ पत्र्यांच्या उष्णता विनिमयकातून जाते. ७२ अंशांना सुमारे २० सेकंदांत जवळपास १८ पीयू मिळतात. मात्र त्यानंतर पाइप, भरणी यंत्र, बाटली आणि झाकण निर्जंतुक नसेल तर सगळे मुसळ केरात. छोट्या ब्रुअरीत भरण्याची यंत्रे साधी असतात, त्यामुळे फ्लॅशचा लाभ तिथेच निसटतो. टनेलमध्ये सील केल्यानंतर तापवले जात असल्याने ही चिंता राहत नाही. याच तत्त्वावर चालणाऱ्या लहान यंत्रांमध्ये बाटल्यांचे क्रेट एका बंद कक्षात ठेवून तापवता येतात.

खर्च नेमका कुठे होतो?

अनेकांना विजेच्या बिलाची धास्ती वाटते. पण हिशेब वेगळेच सांगतो. चार अंशांची ५०० लिटर बिअर ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३ युनिट वीज लागते. बाटल्या, पाणी आणि वाया जाणारी उष्णता धरून तिप्पट वीज लागली आणि युनिटचा दर दहा रुपये धरला, तरी लिटरमागे खर्च दोन रुपयांच्या आसपास येतो. खरा भार पडतो तो यंत्राची किंमत, जागा, मनुष्यबळ, पाणी आणि फुटतूट यांचा. ६० अंशांना बाटलीतील वायूचा दाब अनेक पटींनी वाढतो. वरची रिकामी जागा कमी पडली किंवा काच कमकुवत असली तर बाटली फुटते. साध्या प्लास्टिकच्या बाटल्या हा दाब आणि उष्णता सोसत नाहीत. यंत्र आठवड्यातून एकदाच चालणार असेल, तर त्याचा भांडवली खर्च थोड्याच बाटल्यांवर पडतो आणि गणित कोलमडते.

चवीवर परिणाम होतो का?

होतो, पण सर्व बिअरवर सारखा नाही. बिअरमध्ये ऑक्सिजन शिरलेला असेल तर उष्णतेमुळे ती लवकर शिळी होते आणि तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. ऑक्सिजन अगदी कमी असेल आणि पीयू मोजून दिले असतील, तर साध्या लागरमधला फरक ओळखणे अवघड असते. हॉप्सच्या ताज्या सुगंधावर विकली जाणारी आयपीए मात्र उष्णतेने फिकी पडू शकते. गव्हाच्या बिअरमध्ये जिवंत यीस्ट हा चवीचाच भाग असतो. आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा : पाश्चरायझेशनने सूक्ष्मजीव थांबतात, शिळेपण थांबत नाही. आधीच बिघडलेली बिअरही त्याने सुधारत नाही.

न तापवता बिअर टिकवता येते का?

येते. अमेरिकेच्या ‘कूर्स’ने १९५९ मध्ये पाश्चरायझेशन सोडून बारीक गाळणी आणि थंड वाहतूक यांचा मार्ग धरला. जपानमध्ये १९७९ पासून ‘नामा’, म्हणजे ‘ताजी’ बिअर, ही ओळख उष्णता न दिलेल्या बिअरसाठी निश्चित झाली. ती कॅनमध्येही मिळते. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीत यीस्ट आणि बिअर बिघडवणारे जिवाणू अडकतात. पण गढूळ आयपीए किंवा गव्हाची बिअर या गाळणीतून गेली तर तिची ओळखच पुसली जाते. उरतो तो शीतसाखळीचा पर्याय. ती ब्रुअरीच्या दारापासून दुकानाच्या फ्रिजपर्यंत अखंड हवी. रात्री फ्रिज बंद ठेवणारा एक दुकानदारही ती तोडू शकतो.

मग छोट्या ब्रुअरीने काय करावे?

निर्णय ब्रुअरीच्या आकारावर नव्हे, तर बिअर किती दूर आणि किती दिवसांसाठी जाणार यावर घ्यायला हवा. स्वतःच्या जागेत विकली जाणारी किंवा ग्राउलरमधून दोन-चार दिवसांत संपणारी बिअर तापवण्यात अर्थ नाही. तो पैसा टाक्या आणि नळ्यांची स्वच्छता, ऑक्सिजन मोजण्याचे उपकरण आणि शीतगृह यांवर खर्च करणे शहाणपणाचे. परगावच्या दुकानांत, फ्रिजची खात्री नसताना, महिनोन्‌महिने माल ठेवायचा असेल किंवा बिअरमध्ये न आंबलेली साखर असेल, तर पाश्चरायझेशन चैन न राहता विमा ठरते. यंत्र घेण्यापूर्वी एक स्वस्त चाचणी प्रत्येकाला करता येते. प्रत्येक लॉटमधील काही बाटल्या ३० अंशांना तीन-चार आठवडे ठेवायच्या आणि चव, गढूळपणा व वायूचा दाब फ्रिजमधल्या बाटल्यांशी ताडून पाहायचा. त्यात लॉटमागून लॉट आंबत किंवा फुगत असतील, तर दोष आधी स्वच्छतेत शोधावा. मोठ्या कंपनीला एक खराब लॉट पचवता येतो. छोट्या ब्रुअरीचा मात्र दुकानातल्या फळीवर मिळालेला पहिला ग्राहकच त्यात जातो.