गंजलेला बोल्ट

मंडळी, गंज हा लोखंडाचा रोग आहे. तो विळ्याला लागतो, नांगराच्या फाळाला लागतो, तसाच मोटारीलाही लागतो.

नागपुरात माझ्या भाच्याजवळ एक जुनी जीप आहे. आपल्या देशात महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. पुढे ही गाडी खेडोपाडी पोचली. जुन्या जीपच्या खाली चारी चाकांजवळ पोलादी पाटे असतात. रस्त्याचे धक्के ते सोसतात. हे पाटे बोल्टांनी आसाला घट्ट बांधलेले असतात.

भाच्याच्या जीपचा एक पाटा तुटला. तो काढू गेला, तर बोल्ट फिरेना. म्हणाला, "मामा, हा तर सुटूनच नाही राहिला!"

काहून सुटत नाही? लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. पावसाळ्यात आपली काळी माती पाट्यांना चिकटते. ती ओल धरून ठेवते. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो आट्यांत फुगतो आणि नट जखडून टाकतो.

भाचा जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू लागला. म्हाताऱ्या मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "थांब बापू. जॅक गाडी उचलायला असतो, माणसाचा जीव सांभाळायला नसतो. तो घसरला तर?"

मग त्यांनी गाडी सपाट जागी घेतली. चाकांना ठोकळे लावले. गाडीच्या सांगाड्याखाली लोखंडी घोड्या ठेवल्या. विटा ठेवल्या नाहीत, कारण वीट एकाएकी फुटते.

नंतर त्यांनी तारेच्या ब्रशाने माती आणि गंज खरवडला. गंज सोडवणारे तेल आट्यांवर सोडले. हातोडीने हलके ठोके दिले, म्हणजे तेल आत झिरपते. रात्रभर तसेच राहू दिले. सकाळी पुन्हा तेल सोडले.

मग बरोबर मापाचा पाना लावला. आधी थोडे आवळले, मग थोडे सोडले. असे मागेपुढे करत गेले. तीन नट सुटले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही जुन्या जीपच्या पाट्यांच्या कड्यांना उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलालाही तसेच असतात. आधी पाहा, मग जोर लावा.

चौथा नट हटून बसला. तेव्हा मिस्त्रींनी तेल पुसले आणि फक्त नट तापवला. बैलगाडीची धाव तापवून फुगवतात, मग चाकावर चढवतात, हे तुम्ही पाहिले आहे. नटही तसाच फुगतो आणि सैल होतो. पण पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी किंवा रबर जवळ असेल, तर जाळ आणू नये. हे काम जाणत्यानेच करावे. नट तरीही न सुटल्यास छिन्नीने फोडतात. त्या वेळी डोळ्यांना चष्मा हवाच.

चौथाही सुटला. भाचा म्हणाला, "हेच बोल्ट पुन्हा लावू, पैसे वाचतील."

मिस्त्री म्हणाले, "तापलेल्या, झिजलेल्या बोल्टावर पोरंबाळं बसवशील काय?"

भाच्याने नवे बोल्ट आणले. थोडी गाडी चालवून ते पुन्हा आवळून घेतले.

घाईने बोल्ट तुटतो, धीराने सुटतो. तुमच्या मोटारपंपाचा बोल्ट अडेल, तेव्हाही हेच आठवा.