नाम आणि लक्षण : झेलोटेस या कोळी-वंशाचे वर्गीकरण

दगड उलथला असता त्याच्या तळाशी रेशमाच्या लहानशा कोशात दडलेला काळसर, चपळ कोळी पुष्कळदा दृष्टीस पडतो. जाळे विणून भक्ष्याची वाट पाहणाऱ्यांपैकी हा नव्हे; रात्री जमिनीवर हिंडून तो शिकार करतो. ग्नॅफोसिडी या भूचर कुलात अशा कोळ्यांच्या अडीच हजारांच्या वर जाती गणल्या जातात व त्यांपैकी चारशेच्या आसपास एकट्या झेलोटेस वंशाच्या आहेत. एवढा मोठा वंश कोणत्या लक्षणावर उभा आहे, हा प्रश्न प्राणिशास्त्राइतकाच नामविचाराचाही आहे.

इ. स. १८३३ मध्ये जर्मन अभ्यासक सी. एल. कोख यांनी या कोळ्यांसाठी मेलॅनोफोरा हा वंश कल्पिला. मूळ ग्रीक शब्दांवरून याचा अर्थ ‘काळेपण धारण करणारी’ असा होतो. परंतु हेच नाव माइगेन यांनी १८०३ मध्ये एका माशीच्या वंशास देऊन ठेवले होते. ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सारा, ही द्व्यर्थता बोलण्यात संदर्भाने निभावून जाते. प्राण्यांच्या नामावलीत ती निभावत नाही. म्हणून गिस्टेल यांनी १८४८ मध्ये झेलोटेस हे पर्यायी नाव दिले. पुढे १८७२ मध्ये कोख यांचेच चिरंजीव लुडविग कोख यांनी प्रॉस्थेसिमा असा आणखी एक पर्याय सुचविला व तो बराच प्रचारातही आला. अखेर निर्णय अग्रक्रमाच्या तत्त्वाने झाला आणि चोवीस वर्षे आधीचे नाव टिकले.

नाव बदलताच व्याकरणही बदलले. वंशाची नमुनाजाती, म्हणजे ज्या जातीशी वंशाचे नाव कायमचे बांधलेले असते ती, मूळची मेलॅनोफोरा सबटेरेनिआ होय. मेलॅनोफोरा स्त्रीलिंगी, तर झेलोटेस पुल्लिंगी. म्हणून विशेषण ‘सबटेरेनिअस’ झाले. ‘काळी मुंगी’, ‘काळा कोळी’ म्हणणाऱ्या मराठी वाचकास यात नवल वाटू नये.

झेलोटेस म्हणजे ‘आवेशी अनुयायी’. त्याचा कोळ्याच्या रंगाशी वा अवयवांशी काही संबंध नाही, आणि ते एका अर्थी बरेच झाले. कारण काळा रंग हे लक्षण फसवे ठरले. ग्नॅफोसिडी कुलात काळसर कोळी अनेक वंशांत आढळतात. खरे उपयोगी लक्षण निघाले ते अगदी बारीक : तिसऱ्या व चौथ्या जोडीच्या पायांवर, शेवटून दुसऱ्या खंडाच्या टोकाशी असलेली राठ केसांची फणी. परंतु ही फणीही झेलोटेसची एकट्याची नव्हे. ती त्याच्या सगळ्या गोतावळ्याची खूण आहे. त्या गोतावळ्यातून चेम्बरलिन यांनी १९२२ मध्ये ड्रॅसिलस हा वंश वेगळा काढला. त्यात मागल्या ओळीतले मधले दोन डोळे मोठे व एकमेकांजवळ असतात. लोमांडर यांनी १९४४ मध्ये ट्रॅकिझेलोटेस वेगळा केला. त्याच्या जबड्यांच्या पुढील बाजूस ताठ केस असतात. अशी विभागणी झाली, तरी मूळ नाव नमुनाजाती ज्या गटात राहते त्याच गटाकडे जाते. आशय आकुंचित होतो. नाव जागचे हलत नाही.

उरलेल्या झेलोटेसला स्वतःचे असे लक्षण प्लॅटनिक व शादाब यांच्या १९८३ मधील अमेरिकी जातींच्या पुनरीक्षणात स्पष्टपणे मांडले गेले. नराच्या पादमृशाच्या टोकाशी जी प्रजननेंद्रियाची रचना असते, तीत एक लहानसा कठीण तुकडा मध्ये बसविल्यासारखा असतो. मादीत अर्थातच तो नसतो, आणि अडचण येथेच आहे. कित्येक जातींचे वर्णन केवळ मादीवरून किंवा केवळ नरावरून झालेले असते. त्यामुळे एकाच जातीला दोन नावे मिळण्याचा धोका राहतो. माणसाच्या वस्तीबरोबर जगभर पसरलेला युरोझेलोटेस रस्टिकस तर देशोदेशी नव्या नावाने वर्णिला गेला होता.

भारतीय कोळ्यांच्या बाबतीत हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे. बी. के. टिकादर यांचा ग्नॅफोसिडी कुलावरील ग्रंथ भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेने १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. तो या विषयाचा पाया होय, यात शंका नाही. मात्र १९८३ ची कसोटी त्यास उपलब्ध नव्हती. तेव्हा त्यातील झेलोटेसच्या जातींचे मूळ नमुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली आणून, नर सापडला असल्यास प्रथम त्याचा पादमृश तपासणे हेच काम आधी हाती घ्यावयास हवे. नव्या जातींची भर त्यानंतर.