अभियांत्रिकी पदवी अभ्यासक्रमातील गणित व विद्यार्थ्यांची गळती : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : अभियांत्रिकी गणित, एटीकेटी, सेतुवर्ग, गटअध्ययन

प्रस्तावना :
पिंपळीसारख्या बारामतीजवळच्या गावांतील विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी शिक्षणासाठी पुण्यालाच जावे लागते अशी स्थिती आता राहिलेली नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० पासून बारामतीत कार्यरत आहे. माळेगाव येथेही अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. शासनाने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. अंतर आणि शुल्क हे दोन अडथळे अशा रीतीने कमी झाले असले, तरी गणिताचा अडथळा कायम आहे. प्रस्तुत लेखात त्याची कारणे व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप :
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी गणिताचे दोन व बहुतेक शाखांत दुसऱ्या वर्षी तिसरा विषय अभ्यासावा लागत आला आहे. विद्यार्थी त्यांना 'एम-वन', 'एम-टू', 'एम-थ्री' म्हणतात. पहिला विषय राहिला की एटीकेटीवर पुढे जाता येते. परंतु पुढील सत्रात नव्या विषयांबरोबर जुन्याचाही अभ्यास करावा लागतो. दोन्हीकडे वेळ अपुरा पडतो, विषय साचतात आणि 'इयर डाऊन'ची वेळ येते. ज्या कुटुंबाने वसतिगृहाचा व प्रवासाचा खर्च ओढाताण करून उभा केला आहे, तेथे एक वर्ष वाया जाणे हे शिक्षण सुटण्याचे कारण ठरू शकते. मुलींच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

या अडचणीची मुळे मुख्यतः तीन ठिकाणी आढळतात.

१) पायाभूत कौशल्ये : संकलनाचे उदाहरण अडते ते अनेकदा संकलनामुळे नव्हे, तर आंशिक अपूर्णांक किंवा त्रिकोणमितीय सूत्रे पक्की नसल्यामुळे.

२) भाषा : मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी आकडेमोड करतो, मात्र इंग्रजीतील शाब्दिक उदाहरणाचे समीकरणात रूपांतर करताना तो थांबतो.

३) थेट द्वितीय वर्ष प्रवेश : पदविकाधारक विद्यार्थी पहिल्या वर्षाचे गणित न शिकता दुसऱ्या वर्षात येतो. तिसरा विषय मात्र आधीचे दोन्ही विषय गृहीत धरून शिकविला जातो.

अन्यत्र झालेले प्रयोग :
१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात उरी ट्राइझमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मागे का पडतात याचा शोध घेतला. कमी प्रेरणा किंवा घरची परिस्थिती ही प्रचलित कारणे त्यांना अपुरी वाटली. हे विद्यार्थी कष्ट घेत होते, पण एकेकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून परस्परांची उत्तरे तपासत. यावरून त्यांनी गटकार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी नव्हे, तर कठीण उदाहरणे दिली जात. ओहायोतील राइट स्टेट विद्यापीठाने २००४ मध्ये अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनीच प्रयोगशाळेच्या साहाय्याने आवश्यक तेवढे गणित प्रथम शिकविण्याची पद्धत स्वीकारली. त्यानंतर पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण वाढल्याचे त्या विद्यापीठाने नोंदविले आहे.

परिसरातील उदाहरणांचा उपयोग :
ही पद्धत ऊस व द्राक्षाच्या या पट्ट्यात सहज रुजू शकते. ठिबक सिंचनाच्या २०० लिटरच्या खतटाकीत १० किलो विद्राव्य खत पूर्ण विरघळलेले आहे असे मानू. मिनिटाला १० लिटर स्वच्छ पाणी आत येते व तेवढेच मिश्रण बाहेर जाते. म्हणजे दर मिनिटाला, त्या क्षणी टाकीत असलेल्या खताच्या एक विसांश या दराने घट होते. हेच प्रथम कोटीचे विकलक समीकरण. ते सोडविले असता २० मिनिटांनी सुमारे ३.७ किलो, तर ६० मिनिटांनी सुमारे अर्धा किलो खत उरते. २० मिनिटांत सर्व खत का संपत नाही, हा प्रश्न शेतकऱ्याच्या मुलाला परका वाटत नाही. घातांकी फलाचा अर्थ त्याला येथे प्रत्यक्ष कळतो.

उपाययोजना :
१) प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात आठवी ते बारावीच्या गणितावर गुण न देणारी निदान चाचणी घ्यावी.
२) गटअध्ययनाचा तास वेळापत्रकातच असावा. सायंकाळी ठेवल्यास एसटीने ये-जा करणारे विद्यार्थी त्याला मुकतात.
३) या तासाला 'संथ अध्ययनार्थींचा वर्ग' असे नाव देऊ नये; तो सर्वांसाठी खुला असावा व त्यात आव्हानात्मक उदाहरणे असावीत.
४) थेट द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सेतुवर्ग असावा.
५) शाब्दिक उदाहरणाची मांडणी मराठीतून समजावून उत्तर इंग्रजीतून लिहून घ्यावे.
६) पहिल्या घटक चाचणीनंतर लगेच विद्यार्थ्याशी व्यक्तिशः बोलावे, सत्रान्त निकालापर्यंत थांबू नये.

समारोप :
गणितात अनुत्तीर्ण होणे म्हणजे अभियंता होण्याची पात्रता नसणे नव्हे. बहुतेक वेळा तो पायातील भरून निघण्याजोगा खड्डा असतो. तो पहिल्या सहा आठवड्यांत ओळखला गेला तर थोड्या श्रमात बुजतो. वर्षभर दुर्लक्षित राहिला तर विद्यार्थी महाविद्यालयाबाहेर पडतो. यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर वेळापत्रकातील दोन तासांची आणि गणित व अभियांत्रिकी विभागांतील सहकार्याची गरज आहे.